फेसातली गळती

दुपारी घरात एकटी बाई किंवा म्हातारं माणूस असताना बेल वाजते. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. "काकू, गॅस कंपनीकडून आलोय, चेकिंग कंपल्सरी आहे." स्वयंपाकघरात शिरून पाच मिनिटं होत नाहीत, तोच पाइप लीक निघतो आणि पिशवीतून 'सेफ्टी डिव्हाइस' बाहेर येतं. दोन-अडीच हजारांना.

गळती दाखवायची रीत ठरलेली असते. बाटलीतलं फेसाळ पाणी पाइपवर फवारायचं आणि बुडबुडे दाखवायचे. फवारलं की फेस होणारच! खरी गळती ओळखायची तर फेस पुसून काढा, साबणाचं पाणी बोटाने हलकेच लावा आणि पाहा. गॅस सुटत असेल तर बुडबुडा एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फुगतो. काडी किंवा लायटर लावून बघतो म्हणणाऱ्याला मात्र तिथूनच बाहेर काढा. रेग्युलेटर बसवताना येणारी सूं-सूं बहुतेकदा सिलिंडरच्या वॉल्व्हमधल्या छोट्या रबरी रिंगची असते. ती रिंग बदलली की काम झालं, त्याला डिव्हाइस लागत नाही.

आणि त्या डिव्हाइसवरचा काटा? "किती गॅस उरलाय ते कळतं," असं सांगतात. सिलिंडरमधला दाब तापमानावर ठरतो, उरलेल्या गॅसवर नाही. आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा जवळपास तिथेच राहतो आणि थंडीच्या सकाळी उगाच खाली येतो. रेग्युलेटरच्या पुढे तर दाब 30 मिलिबारच्या आसपास बांधलेलाच असतो. उलट वॉल्व्ह आणि रेग्युलेटरमध्ये हे यंत्र बसवलं, की सिलिंडरचा पूर्ण दाब झेलणारा एक सांधा वाढतो. गळतीची नवी जागा आपणच विकत घेतो.

सक्तीची तपासणी असते, पण पाच वर्षांतून एकदा. तिची फी जीएसटीसह 236 रुपये, पावतीसह. ती वितरकाचा मेकॅनिक करतो आणि ग्राहक क्रमांक त्याच्याकडे आधीच असतो. तो दारात आलेल्या माणसालाच सांगायला लावा, आपण सांगू नका. मग सिलिंडरच्या बिलावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. ओळखपत्रावरचा नंबर या फसवणाऱ्यांचाच असतो.

नळी खरंच जुनी असेल तर वितरकाकडूनच घ्या. आयएसआय खुणेची, आत तार गुंफलेली नारिंगी सुरक्षा नळी मिळते, लांबी दीड मीटरपर्यंत. तिच्यावर छापलेली तारीख पाहून पाच वर्षांनी बदलायची.

वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांची बटणं चालूही करू नका, बंदही करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. घराबाहेर जाऊन 1906 ला फोन करा.

डिव्हाइस आधीच बसवून घेतलं असेल तर ते स्वतः काढत बसू नका. वितरकाच्या मेकॅनिककडून काढून घ्या, आणि पावती असेल तर ती पोलीस ठाण्यात लागेल, जपून ठेवा.