पॉलिशच्या नावाखाली माडीचं सागवान गेलं
आमचं घर ठाण्यात, जांभळी नाक्यामागच्या एका गल्लीत. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. वर माडी, आणि माडीची जमीन सागवानी फळ्यांची. खालच्या खोलीला वेगळं छत नाही. माडीची जमीन हेच खालचं छत, तुळया आणि फळ्या उघड्या दिसतात. वरच्या बाजूला मात्र कधीकाळी लाल ऑईलपेंट मारलेला होता आणि तो जागोजागी उडाला होता. तो घासून काढून मूळ लाकडावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करावं, असं गेल्या वर्षी आम्ही ठरवलं.

ओळखीतून एक कंत्राटदार आला. ४२० चौरस फूट, १८० रुपयांनी ७५,६०० रुपये, आठ दिवसांत काम, पाऊस यायच्या आत. बोलणं शांत, कामाची माहिती पक्की. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असू शकतं, घासताना धूळ उडते, घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस थांबवू नका, असं तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली, आमचा रंग तर त्याच्या कितीतरी आधीचा. आम्ही मुलीला आणि सासूबाईंना घेऊन कळव्याला जाऊबाईंकडे राहायला गेलो. त्याच्या खऱ्या सल्ल्यानेच आम्ही घर सोडलं, हे मला अजून टोचतं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "ताई, जरा येऊन बघून जा." मोरीलगतची एक फळी उचकटून ठेवली होती. आतून वाळवीने पोखरलेली, हाताने दाबली तर भुगा पडत होता. "अशा चौदा आहेत. पॉलिश करून काय उपयोग, वर्षभरात पाय खाली जाईल." मी ती एक फळी पाहिली आणि उरलेल्या तेरा न पाहता मान डोलावली. नवीन सागवानी फळ्यांचे प्रत्येकी अडीच हजार, म्हणजे ३५,००० रुपये वेगळे. जुन्या फळ्यांचं काय करायचं, विचारलं तर म्हणाला, "जळण म्हणून नेतो, टेम्पोचं भाडं तुमच्याकडून घेत नाही." मी त्याचे आभार मानले.

परत आलो तेव्हा जमीन गडद, चकचकीत, एकसारखी दिसत होती. सगळ्यांना आवडली.

खोट काढली ती सासूबाईंनी. त्या दुपारी खाली पलंगावर पडलेल्या असतात. पन्नासहून अधिक वर्षं त्याच फळ्यांकडे बघत त्यांनी दुपारी काढल्या आहेत. जूनमध्ये एकदा हाक मारून म्हणाल्या, "अगं, तिसऱ्या तुळईपाशी ही गाठ कधी आली? आपल्या फळीला गाठ नव्हती गं." मी स्टुलावर चढून पाहिलं. खालच्या बाजूलाही काळपट स्टेन, म्हणजे लाकडाला रंग देणारं द्रावण, फासला होता. नखाने खरवडलं तर आत फिकट पिवळं लाकूड, आणि दाबलेल्या जागी नखाची खूण उमटली.

आमच्या घराचं काम वर्षानुवर्षं करणारे सुतारकाका आले. त्यांनी एका फळीवर रंधा फिरवला आणि ढलपी माझ्या नाकापाशी धरली. जुन्या सागवानाला चामड्यासारखा वास येतो, हाताला तेलकट लागतं. या ढलपीला राळेचा वास होता. पाईन. पॅकिंगच्या खोक्यांना वापरतात तसलं. काकांनी जमिनीवर खडूने हिशेब मांडला. एक फळी नऊ फूट लांब, नऊ इंच रुंद, इंचभर जाड. अशा तेरा म्हणजे सात घनफुटांच्या वर जुनं सागवान. त्याचा भाव घनफुटाला काही हजारांत जातो आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात अशा लाकडाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तेव्हा मला समजलं की तो माणूस रंगाचं काम घ्यायला आलाच नव्हता. पहिल्या दिवशी तो टेप घेऊन खालच्या खोलीत इतका वेळ वर बघत उभा होता, ते याचसाठी.

पॉलिशही खोटंच निघालं. लाकडाच्या पीयूचे सहसा दोन भाग असतात, बेस आणि हार्डनर (ते घट्ट करणारा भाग), ते डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचे असतात. हार्डनरचा डबा आम्ही एकदाही पाहिला नाही. काकांनी कपाटामागच्या कोपऱ्यात थिनरचा बोळा चोळला, तर पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं. नीट वाळलेलं दोन भागांचं पीयू असं सुटत नाही. आणि कडेला घासायचं मशीन लावलंच नव्हतं, लाल रंगावरच स्टेन ओढला होता.

ज्यांच्या घरी अशा जमिनी आहेत, नौपाड्यात, चरईत, चेंदणीत अजून आहेत, त्यांना कळकळीने सांगते. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक फळीला खालून क्रमांक टाका आणि फोटो काढा. फळी खराब आहे असं कोणी म्हणालं तर स्वतः स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. वाळवी लागलेली फळी ठोकली की पोकळ वाजते, टोक सहज आत जातं. काढलेलं लाकूड, कितीही कुजकं असो, घराबाहेर जाऊ देऊ नका. नवीन लाकूड आपल्या सुताराला सोबत नेऊन स्वतः आणा. डबे तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि धुळीसाठी घर सोडावंच लागलं, तर रोज एकाने फेरी मारा.

ठरलेल्या १,१०,६०० रुपयांपैकी आम्ही एकूण १ लाख ५ हजार दिले होते, तेही त्याच्या सांगण्यावरून त्याच्या भाच्याच्या खात्यावर यूपीआयने. फोन आता लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर बोललो, पोलिसांत अर्ज दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, म्हणून गप्प बसू नका. बिल नव्हतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन आणि यूपीआयच्या नोंदी जोडल्या आहेत.

आणखी एक गोष्ट जोडली आहे. मागच्या परसात, पाण्याच्या टाकीआड, वाळवीने खाल्लेली ती एकच फळी सापडली. जळणासाठी नेतो म्हणाला होता. चांगल्या तेरा नेल्या आणि जळणाची तेवढी टाकून गेला. तिचा फोटो तक्रारीत सर्वांत वर लावला आहे.