पाटी नसलेलं दुकान आणि दोन पोती ज्वारी

अंबाजोगाईच्या जुन्या गावात, एका बोळाच्या तोंडाशी जुन्या पुस्तकांचं हे दुकान आहे. पाटी नाही. विचारलं तर लोक 'चाचांचं रद्दीचं दुकान' सांगतात. चाचांना ते आवडत नाही, त्यांच्यासमोर म्हणू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. आठ-पंधरा दिवसांनी इथं चक्कर असतेच, म्हणून लिहितोय.

दर्शनी भाग सगळा स्पर्धा परीक्षेचा. पुस्तकं जवळपास नवी. कोणतंही उघडून बघा: पहिल्या दोन प्रकरणांत पिवळ्या-गुलाबी रेघा, तिसऱ्यात नुसती पेन्सिल, पुढं पानं कोरी. लेकरांना हसू नका. माझ्या घरच्या इंग्रजी व्याकरणातही कर्मणी प्रयोगाच्या पुढं एक टिंब नाही. तक्रार एकच. पुतण्यासाठी चालू घडामोडींचं पुस्तक नेलं, तर कव्हर नवं आणि पोट तीन वर्षांपूर्वीचं. चाचांनी बदलून दिलं, पण आधी "घडलेलं कुठं बदलतं का गुरुजी?" हे ऐकवून.

डॉक्टरकीचे ठोकळेही असतात, छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात.

खरी मजा मागच्या फळ्यांवर. तिथं पोथ्या. "ज्ञानेश्वरी जितेपणी कुणी विकत नाही," चाचा म्हणतात. "म्हातारा गेला, तेरावा झाला, की लेक गोणी घेऊन येतो." मागच्या महिन्यात अशाच एका गोणीतली प्रत हाती लागली. पहिल्या पानावर जांभळा, पुसट शिक्का. त्यातलं 'मोमिनाबाद' तेवढं लागतं. निजामाच्या राज्यात आपल्या गावाचं नाव तेच. खाली शाईनं किंमत: साडेतीन रुपये हाली. हाली म्हणजे हैदराबादचा सिक्का. कलदार म्हणजे इंग्रजी मुलखातला रुपया. सहा कलदारांना सात हाली हा भाव, म्हणजे तिकडची तीन रुपयांची पोथी इथं साडेतीनला पडली असणार.

समासात मात्र उर्दू, आणि तीही गच्च. १९४८ च्या आधी आपल्याकडं वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून आणि घरचं बोलणं मराठीतून. माझे वडील तुकोबांचे अभंग म्हणायचे आणि सही उर्दूत करायचे. मी नंतरचा, मला अलिफ कळत नाही. नवव्या अध्यायाशेजारी दोन-तीन ओळी होत्या. वाटलं, केवढं चिंतन असेल! पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा बजावलं होतं, हिच्यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली. या गृहस्थानं ताटाशेजारी काय ठेवलंय ते तर बघू. चाचांनी चष्मा पुसला, पान उजेडाला धरलं.

"ज्वारी दोन पोती, धाकट्या भावाला. परत मागायची नाही."

खाली आठ दिवसांनंतरची तारीख. शाई वेगळी.

"मागितली."

आम्ही दोघं किती वेळ हसत होतो काय की. मग चाचाच गप्प झाले. त्यांचंही भावाशी जमिनीवरून बोलणं नाही, हे सगळ्या बोळाला माहीत आहे. मी पान उलटलं.

भाव विचारला तर म्हणाले, "पोथीला काटा लावत नाही. तुम्हाला वाटतं ते द्या." यात फसायला होतं, आधीच सांगून ठेवतो. सांगितले असते तर मी शंभराचे साठ केले असते. वाटतं ते द्यायचं म्हटल्यावर दोनशे देऊन आलो.

दुपारी जाऊ नका, पत्रा तापतो. स्कॅनर आहे, पण सुटे घेऊन गेलेलं बरं. धुळीचा त्रास असेल तर तोंडाला रुमाल बांधा. पाचपैकी चार तारे; एक कापला तो शिडीसाठी, फारच डगमगते. सगळ्यात वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, त्याच गोणीतली अजून दोन पुस्तकं आहेत. माझे गुडघे तिथवर जात नाहीत. कुणी तरणं माणूस गेलं तर काढून चाचांकडं ठेवा, मी शनिवारी येतोय.