एअर रायफल की एअर पिस्तूल? आधी खिसा बघा

हात आखडता असेल तर माझा कौल पिस्तुलाला. नेमबाज बारा वर्षांचा असेल तर मात्र मी तो बदलेन.

दोन्ही प्रकार 10 मीटरचे, छरा 4.5 मिलिमीटरचा, सामना 60 शॉटचा, वेळ 75 मिनिटं. खर्च मात्र वेगळा. रायफलवाल्याला बंदुकीशिवाय कॅनव्हास-चामड्याचं जाड जॅकेट, पँट, सपाट तळव्याचे बूट आणि हातमोजा लागतो. सगळं अंगाबरोबर घट्ट बसणारं, म्हणजे वाढत्या अंगाच्या पोराला लवकरच तोकडं होणारं. शिवाय मे महिन्यात परभणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते चढवून तासभर उभं राहायचं, याचाही विचार करा. पिस्तुलाला यातलं काही नको. घोटा न झाकणारे साधे बूट चालतात.

म्हणून पिस्तूल सोपं, असं समजू नका. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका रायफलला जेमतेम अर्धा मिलिमीटर, पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर. पण रायफलला दोन्ही हात, खांदा आणि पीप साईट (बारीक छिद्रातून नेम धरायची सोय) यांचा आधार असतो, त्यामुळे गुण लवकर चढतात. पिस्तूल म्हणजे किलोभर वजन एका हातावर. सुरुवातीचे महिने हात नुसता डुलतो आणि पोरं कंटाळून सोडतात. लहान मनगटाला तर ते झेपतच नाही. ग्रिपही हाताच्या मापाची लागते.

लहान मुलांसाठी देशी बनावटीची, नळी मोडून स्प्रिंग ताणायची ओपन साईट (छिद्राऐवजी उघड्या खाचेतून नेम धरायची) रायफल बरी. शालेय स्पर्धांत तिचा वेगळा गट असतो, आणि हवा भरायची कटकट नाही. ही कटकट आपल्याकडे छोटी नव्हे: पीसीपी, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीचा सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरावा लागतो. क्लबात सोय नसेल तर हातपंप घ्या, दमछाक होईल ती होईल. स्प्रिंगची रायफल शॉट मारताना धक्का मात्र देते, आणि वरच्या पातळीवर पीसीपीशिवाय निभाव लागत नाही.

परवान्याची भीती अनेकांना असते. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या, छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असलेल्या एअरगनला तो लागत नाही. तरी एसटीने नेताना ती केसमध्ये बंद आणि बिल खिशात असू द्या.

क्लबाची बंदूक मिळत असेल तर पहिले काही महिने खरेदी नकोच. छऱ्यांचा डबा 500 चा. सराव धरून रोज 80 शॉट मारले तर सहा दिवसांत संपतो. घरी भिंतीसमोर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छरा न घालता नेमाचा सराव, मात्र फुकट.

परदेशी मॅच पिस्तूल नवं घ्यायचं तर लाखांची गोष्ट, त्यामुळे जुनं बघाल. तेव्हा आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नव्याचा खर्च सौद्यातून वजा करायला विकणारा स्वतःहून सांगणार नाही.