दगड फिरवायचा की कापायचा?

उन्हाळ्यात भीमेच्या किंवा घोडनदीच्या पात्रातून पिशवीभर गारगोट्या वेचून आणल्या की घरी आल्यावर आपण पहिल्यांदा काय करतो? बादलीत टाकतो. ओल्या असताना आतल्या रेघा दिसतात, तांबूस-मधाळ रंग खुलतात, आणि वाळल्या की पुन्हा मातकट. ओला दगड दिसतो तसा तो कायम दिसावा, एवढीच या छंदाची मागणी. ती घरच्या घरी पुरी करायला मुख्यतः दोन रस्ते आहेत: टंबलरमध्ये दगड फिरवणं, नाहीतर पातीवर कापून चाकावर घासणं. मी दोन्ही केलंय, तेही कोथरूडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. त्यामुळे खाली जे लिहितोय ते बंगल्यात राहणाऱ्यांना थोडं भित्रं वाटेल.

टंबलर म्हणजे दोन रुळांवर आडवा फिरणारा डबा. आत दगड, कार्बोरंडमचा (घासायच्या कठीण पावडरीचा) दाणा आणि दगड जेमतेम बुडतील इतकं पाणी. आधी 60/90 नंबरचा भरड दाणा (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक), मग 120/220, मग 500, शेवटी पॉलिशसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड. प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा, म्हणजे एका खेपेला महिना. पहिल्या टप्प्याला दोन आठवडे लागले तरी नवल नाही. डबा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरायचा. कमी भरला तर दगड एकमेकांवर आपटून टवके उडतात, ठासून भरला तर ते हलतच नाहीत. तुमची स्वतःची मेहनत आठवड्याला अर्धा-पाऊण तास, आणि तीही धुण्याची.

पण हे धुणंच सगळ्यात महत्त्वाचं, हे मला पहिली खेप वाया गेल्यावर कळलं. एका अकीकाला (अ‍ॅगेटला) बारीक चीर होती. तिच्यात भरड दाणे लपून बसले, 500 च्या टप्प्यात बाहेर आले आणि सगळ्याच दगडांवर केसाएवढे ओरखडे उठले. तेव्हापासून चिरेचा, भोकाचा दगड डब्यात जात नाही. बाकीचे जुन्या टूथब्रशने एकेक करून घासतो. आणि हो, उरलेली राखाडी रबडी बेसिनमध्ये ओतायची नाही. ती पाइपात बसून सिमेंटसारखी घट्ट होते. बादलीत निवळू द्यायची, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात.

आवाजाचं काय, हा फ्लॅटवाल्यांचा खरा प्रश्न. रबराच्या डब्याचा आवाज लांबच्या पावसासारखा येतो. प्लास्टिकचा डबा मात्र पिठाच्या गिरणीसारखा वाजतो. माझा आधी प्लास्टिकचा होता, ड्राय बाल्कनीत ठेवलेला. चौथ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या: "अहो, तुमचं वॉशिंग मशीन बिघडलंय का? तीन दिवस झाले, थांबतच नाहीये." आता रबराचा डबा आणि खाली जुनी सतरंजी आहे. विजेची भीती मात्र फुकटची. 25 वॅटची मोटर चोवीस तास चालवली तरी महिन्याला 18 युनिट होतात. घरी जुगाड करणारे शिलाई मशिनची मोटर लावतात. ते करू नका, ती सतत फिरायला बनलेलीच नसते आणि तापून जाते.

(थरथरणारा, म्हणजे व्हायब्रेटरी टंबलरही मिळतो. आठवड्यांचं काम तो दिवसांवर आणतो, दगडाचा मूळ आकार फारसा बदलत नाही, पण रोज लक्ष द्यावं लागतं. नवशिक्याला मी तो सुचवणार नाही.)

कापण्याचं गणित पूर्ण वेगळं. टंबलर दगडाला गोल करतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते दाखवत नाही. अकीकातली पट्ट्यांची वलयं बघायची असतील तर तो कापावाच लागतो. पाच-सहा मिलिमीटरची चकती काढायची, तिच्यावर साच्याने लंबगोल आखायचा (पेनची शाई पाण्यात धुऊन जाते, ॲल्युमिनियमच्या तारेचं टोक वापरा), कडा छाटायच्या, चकती लाखेने किंवा सुपरग्लूने काडीला चिकटवायची आणि हिऱ्याच्या चाकांवर घुमटी आकार द्यायचा. 80 पासून सुरू करून 220, 600, 1200 असं चढत 3000 पर्यंत. सराव झाला की एक खडा तास-दोन तासांत तयार. गंमत सगळी 220 च्या चाकावर आहे. ट्यूबलाइटखाली दगड कोरडा करून हळूहळू फिरवायचा. नळीचं प्रतिबिंब घुमटावरून सरकतं, आणि जिथे ते एकदम मोडतं तिथे सपाट डाग राहिलाय असं समजायचं. तो तिथेच काढला नाही तर 3000 ला तो तुमच्याकडे बघून हसतो.

अडचण खर्चाची आणि धुळीची. सहा चाकांचं परदेशी यंत्र मागवलं तर लाखाच्या पुढे जातं. चकत्या बदलता येणारं एकच आडवं फिरतं ताट, म्हणजे फ्लॅट लॅप, हा त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग. बरेच जण बोहरी आळीतून मार्बल कटर आणून कोरडाच दगड कापायला बसतात. हे अजिबात नको. अकीक म्हणजे जवळपास निव्वळ सिलिका. तिची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि ती परत निघत नाही. शिवाय हातातलं कटर धरायला दोन्ही हात लागतात, मग दगड कोण धरणार? पाती कायम पाण्यात, डोळ्यांवर चष्मा, आणि पाणी-वीज एकत्र येणार म्हणून त्या सॉकेटच्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच. हे जमणार नसेल तर कापण्याचा विचार सोडा.

यंत्र कुठलंही घ्या, दगड आधी बघा. पुण्याच्या आसपासचा खडक बेसाल्ट, त्याच्या पोकळ्यांत सापडतात त्या दोन तऱ्हेच्या वस्तू. अकीक, जास्पर, गारगोटी यांची कठीणता मोहसच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर साडेसहा-सात. चाकूने ओरखडा उठत नाही, उलट काचेवर त्याच ओरखडा उठवतात. या कुठेही टाका. पण स्टिलबाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक, किंवा वाघोलीच्या खाणींतला तो प्रसिद्ध निळा कॅव्हान्साइट, हे सगळे तीन ते पाचच्या घरातले. डब्यात टाकलेत तर महिन्याने नुसता चिखल मिळेल. त्यांना मऊ ब्रशने धुवा आणि कपाटात ठेवा. आपला काळा बेसाल्ट गुळगुळीत होतो, पण आरशासारखा क्वचितच चमकतो.

मग घ्यायचं काय? पिशवीभर गारगोट्या असतील, वाट बघायची तयारी असेल, घरात मुलं असतील, तर टंबलर, रबराच्या डब्याचा. एकेका दगडाशी झटायला आवडत असेल, अंगठीत-पेंडंटमध्ये खडा बसवायचा असेल आणि नळ-गटार असलेला वेगळा कोपरा असेल, तर लॅप. दोन्ही एकदम घेऊ नका. टंबलरच्या वाट पाहण्याला कंटाळलेला माणूस लॅपवर खूश होतो, उलटं सहसा होत नाही.

माझं मत विचाराल तर दोन्हींच्या आधी थोडक्या खर्चाचा एक प्रयोग करा. काचेच्या तुकड्यावर ओला पॉलिश पेपर अंथरून एकच दगड हाताने घासा: 80, 120, 220, 400, 600, 1000, 2000. शेवटी चामड्याच्या तुकड्यावर सेरियम ऑक्साइडची पॉलिश पावडर. पुण्यातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत (आकाशप्रेमींची संस्था) किंवा आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या कार्यशाळेत दुर्बिणीचा आरसा घासलेला कुणी ओळखीचा असेल तर दाणा कसा बदलायचा ते त्याला विचारा, तिथेही हाच कार्बोरंडम आणि हीच पावडर. घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे अकीकाचे मणी निघाले, तेही हातानेच घासलेले. मला पहिला दगड घासायला चार संध्याकाळी लागल्या. 80 च्या कागदावरच दोन गेल्या.