फुल फॅट सोया: प्रोटीन नंतर बघा, आधी नीट शिजलाय का ते बघा

लातूर साइडच्या एका मिलचा एक्स्ट्रूडेड (मशीनमध्ये उष्णता आणि दाबाने शिजवलेला) फुल फॅट सोया, म्हणजे तेल न काढलेला सोयाबीन, सध्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या फीडमध्ये वापरतोय. स्वतःचं फीड बनवणाऱ्यांसाठी लिहितोय हे, इंटिग्रेशनवाल्यांना (कंपनीशी करार करून कोंबड्या पाळणाऱ्यांना) कंपनीचं फीड येतं, त्यांनी पुढं गेलं तरी चालेल.

माल चांगलाय. पोतं उघडलं की भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येतो, रंग सोनेरी, मुठीत दाबला की हाताला तेल लागतं. प्रोटीन 36 ते 38 टक्के, तेल 18 च्या आसपास. डीओसीत, म्हणजे तेल काढलेल्या सोयापेंडीत, प्रोटीन 46 असतं पण तेल जवळपास नाहीच, म्हणून नुसता किलोचा भाव बघून महाग म्हणू नका. एक किलो फुल फॅट म्हणजे 800 ग्राम डीओसी आणि 180 ग्राम तेल, दोन्हीचे त्या आठवड्याचे भाव मांडा, त्यापेक्षा स्वस्त पडला तरच घ्या. डीओसीचा भाव कधी उडी मारेल सांगता येत नाही, 2021 ला तर सरकारला 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीची परवानगी द्यावी लागली होती.

पण खरा घोळ शिजवण्यात असतो. कच्चा राहिला तर ट्रिप्सिन इनहिबिटर (प्रोटीन पचू न देणारा घटक) तसाच राहतो, पिल्लं खातात पण प्रोटीन पचत नाही, लिटर (शेडमध्ये खाली पसरलेला भुसा) ओलं होतं आणि वजन काही येत नाही. जास्त भाजला तर लायसिन (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो आम्ल) खराब. आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळेला लॅब रिपोर्टवर प्रोटीन 37 च दिसणार! म्हणून युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण आणून ठेवा, पांढऱ्या बशीत सोया पसरून त्यावर ओता, पाच मिनिटांत कुठंकुठं लाल ठिपके आले की माल ओके, अख्खी बशी लाल झाली तर कच्चा, अर्ध्या तासानंतरही एक ठिपका नाही तर बहुतेक जळालाय. या मिलचा एक लॉट लालभडक निघाला होता, बदलून दिला लगेच, पण गाडीभाडं माझ्याच बोकांडी.

बाकी, ग्राइंडरची जाळी तेलाने चोक होते, मक्यासोबतच दळा. मेथिओनिन (हेही तसलंच अमिनो आम्ल) वरून टाकावंच लागतं, सोयात ते कमीच असतं. स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या फीडमध्ये) मी फुल फॅट सोया 10 टक्क्यांच्या आत ठेवतो.

चार स्टार. पाचवा कापला कारण पोत्यावर बनवल्याची तारीखच नसते, आणि उन्हाळ्यात हा माल लवकर खवट होतो राव.