एआयच्या मदतीने डोळ्यांच्या पडद्याची तपासणी: सांगलीतील अनुभव

विश्रामबाग परिसरातील एका नेत्रचिकित्सालयात मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्याची छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घेण्याची सोय आहे, आणि वडिलांना तेथे नेल्यावर ती एकंदरीत उपयुक्त वाटली. मधुमेहामुळे पडद्याला होणारी इजा सुरुवातीला नजरेत जाणवत नाही, म्हणून रुग्ण डॉक्टरांकडे जातच नाही. अशा वेळी फंडस कॅमेऱ्याने (डोळ्याच्या आतील मागच्या भागाचे छायाचित्र घेणारा कॅमेरा) टिपलेल्या चित्रावरून तज्ज्ञांना दाखवण्याची गरज आहे की नाही, एवढे काही मिनिटांत कळणे जत-आटपाडीसारख्या दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्यांसाठी मोलाचे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा स्वयंचलित प्रणालीस २०१८ मध्येच परवानगी दिली होती.

मात्र मोतीबिंदू असल्यास चित्र धूसर येते. वडिलांच्या डाव्या डोळ्याचा निकाल त्यामुळे यंत्राने दिलाच नाही, आणि शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टरांनीच तपासले. शिवाय काचबिंदूसाठी डोळ्यांचा दाब वेगळा मोजावा लागतो, हे आम्हाला विचारल्यावरच कळले. संमतिपत्र इंग्रजीत होते, आणि छायाचित्रे कोठे व किती काळ साठवली जातील याचा त्यात उल्लेख नव्हता. ही त्रुटी मला शुल्कापेक्षा अधिक खटकली. अहवालावर नेत्रतज्ज्ञांची सही असते, म्हणून पुढील वार्षिक तपासणीही तेथेच करू.