‘दोन्ही माद्याच आहेत, ताई’: ससेविक्रेत्याने केलेली फसवणूक

घरी ससे आणायचा विचार असेल, किंवा आणलेल्या सशांना नुकतीच पिल्लं झाली असतील, तर हे शेवटपर्यंत वाचा. ज्याने आम्हाला ससे विकले त्याने पुन्हा पुन्हा फसवलं, आणि त्याची किंमत पिल्लांनी मोजली.

‘दोघी बहिणी आहेत ताई, दोन्ही माद्याच. वेगळ्या केल्या तर खाणं सोडतील,’ असं सांगून त्याने पूर्ण वाढलेली जोडी गळ्यात मारली. थोड्याच दिवसांत त्यातली एक तोंडात मावेल तेवढं वाळकं गवत धरून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नेऊ लागली. मग स्वतःच्या छातीची लव उपटून त्यावर अंथरायला लागली, अगदी कातडी दिसेपर्यंत. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे केस गळायचे दिवस आहेत, काळजी करू नका. ससे विकून पोट भरणाऱ्या माणसाला ही पिल्लं होण्याची खूण माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लवेच्या ढिगाखाली हालचाल दिसली. बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांना बिलगून पडली होती.

सशाची मादी साधारण ३० ते ३२ दिवस गाभण असते. ससे आमच्याकडे येऊन तेवढे दिवससुद्धा झाले नव्हते. म्हणजे त्याने गाभण मादी आणि तिच्याबरोबर नर, अशी जोडी ‘बहिणी’ म्हणून विकली होती. नंतर डॉक्टरांनी दुसऱ्या सशाला नुसतं उलटं धरलं आणि क्षणात सांगितलं, हा नर आहे. अगदी लहान पिल्लांत नर-मादी ओळखताना जाणकारही चुकतात, पण वाढलेल्या नराचे वृषण उघड दिसतात. तिथे ‘कळलं नाही’ हे कारण चालत नाही.

मात्र डॉक्टरांकडे जाण्याआधी आम्ही पुन्हा त्याच माणसाला विचारलं, कारण ‘काही लागलं तर कधीही फोन करा’ असं तो आपुलकीने म्हणाला होता. मादी पिल्लांजवळ फिरकत नव्हती, दिवसभर पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून होती. तो लगेच म्हणाला, ‘आईने टाकलीत त्यांना. आता वरचं दूध पाजावं लागेल.’ आणि लेबल नसलेल्या पिशवीतली दुधाची पावडर, ड्रॉपर आणि कसलंसं ‘ताकदीचं औषध’ असा संच चांगले पैसे घेऊन दिला. वर सल्लाही दिला की नराला वेगळं करू नका, मादी खचेल.

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. सशाची आई पिल्लांवर बसून राहतच नाही. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. रानात ती बिळापाशी घुटमळली तर शिकारी जनावराला पिल्लांचा पत्ता लागेल, म्हणून तिचा स्वभावच तसा घडला आहे. पाजलेल्या पिल्लाचं पोट टम्म गोल असतं, आणि पहिल्या दिवसांत पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतंसुद्धा. आमच्या पिल्लांची पोटं अशीच होती, हे डॉक्टरांनी हातात धरून दाखवलं. पण तोवर ड्रॉपरचं दूध एकाच्या नाकातून बाहेर आलं होतं. ते फुप्फुसात गेलं आणि ते पिल्लू गेलं. पोट भरलेलं पिल्लू, ज्याला त्या थेंबाची गरजही नव्हती.

नराचं म्हणाल तर मादी व्यायल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. तशी ती राहिलीही. पहिली पिल्लं आईचं दूध पीत असतानाच दुसरं वेत झालं, आणि तिच्या अंगावरचं मांस उतरलं.

हे सगळं तो का करत होता, ते पिल्लं तीन आठवड्यांची झाल्यावर उघड झालं. त्याचा स्वतःहून फोन आला, ‘तुम्हाला झेपणार नाही ताई, मी घेऊन जातो, पैसे नकोत.’ या वयाचं पिल्लू दिसतं कसं ते लक्षात घ्या. डोळे साधारण दहा-बारा दिवसांत उघडलेले, अंगभर लव, कान उभे, टुणटुण उड्या. नवख्याला तो पूर्ण वाढलेला छोटा ससाच वाटतो. अशी पिल्लं ‘ड्वार्फ आहे, एवढाच राहतो’ म्हणून विकली जातात. खरं तर आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. लवकर तोडलेली पिल्लं जुलाबाने पटापट दगावतात, आणि घेणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. आमच्या घरात पिल्लं जन्मावीत, आम्ही घाबरावं आणि ती फुकटात त्याच्या हाती लागावीत, एवढाच त्याचा हिशेब होता. आम्ही एकही दिलं नाही. पावडरीचा जाब विचारल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

ससे घेताना विकणाऱ्याला तुमच्यासमोर प्रत्येक ससा उलटा धरून दाखवायला सांगा, आणि नर की मादी व जन्मतारीख पावतीवर लिहून घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा. पिल्लं झालेलीच असतील तर नराला आजच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. त्याचं ऑपरेशन केलं तरी पुढचे काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, म्हणून लगेच एकत्र करू नका. सकाळी पिल्लांची पोटं बघा. गोल आणि उबदार असतील तर लव परत पांघरून बाजूला व्हा. पोट खपाटीला गेलेलं, कातडीला सुरकुत्या आणि अंग गार असेल तर विक्रेत्याला फोन करू नका, थेट सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.